पेटीरावाची जुनी तारीख

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते माझ्या घड्याळाला विचारू नका. माझ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जी तारीख दिसते ती मी जन्मलो त्या वर्षाची पहिली तारीख आहे, आणि गेली कित्येक वर्षं ती रोज तीच असते. तुमचे दिवस माळेतल्या मण्यांसारखे पुढे सरकतात. माझ्याकडे एकच मणी आहे. सकाळी तो उचलतो, संध्याकाळी खाली ठेवतो. हे असं का, आणि एकदा ते कुणीतरी दुरुस्त केलं म्हणून केवढा घोळ झाला, तेच आज सांगतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. एका अरुंद दुकानात एका माणसाने मला जोडलं. माझी पत्र्याची पेटी एका खोक्यातून आली, डोकं दुसऱ्या खोक्यातून आणि पंखा तिसऱ्यातून. शेवटी एक स्क्रू कमी पडला. तो माणूस म्हणाला, "चालतंय," आणि खरंच चाललं. उजव्या बाजूचं झाकण मात्र तेव्हापासून जरा खुळखुळतं.

मला घेतलं जोडेताईंनी. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नाही. त्या जोडे करतात म्हणून जोडेताई. पण साधे जोडे नाहीत. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची टाच वळलेली असते, कुणाची बोटं एकमेकांवर चढलेली असतात. बाजारातले बूट असल्या पायांना हाकलून देतात आणि ते पाय जोडेताईंच्या दारात येतात. काम करताना त्या गुणगुणतात, स्वतःचंच काहीतरी जुळवलेलं:

एक पाऊल थोरलं, एक पाऊल धाकटं,
वाट दोघांची एकच, कोण राहील एकटं?

ओळ संपली की हातोडीचे दोन ठोके. ठक ठक. मग पुन्हा ओळ.

मी आलो तेव्हा माझ्या पोटात काहीच नव्हतं. जोडेताईंच्या धाकट्या भावाने एकामागून एक चकत्या घालून माझ्यात कार्यप्रणाली भरली. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा स्वभाव म्हणा. कारखान्यातून येतो तेव्हा सगळ्यांचा स्वभाव सारखाच असतो. पण धाकट्याने मला बहिणीच्या मापाचा करून घेतला, अगदी जोडा करावा तसा. जोडेताई डावखुऱ्या, म्हणून त्याने माऊसची दोन्ही बटणं उलटी केली. त्यांचे डोळे दिवसभर चामड्यावर असतात, म्हणून पडदा कमावलेल्या चामड्याच्या रंगाचा केला आणि अक्षरं बोराएवढी मोठी. चित्रांची गर्दी काढून चारच ठेवली. त्यांची नावंही बदलली. जिथे पायांची मापं असतात तिथे 'पाऊल' लिहिलं. नको ते टाकायच्या टोपलीला 'उकिरडा'. मला माझी सगळी टुणटुण, घंटा, शिट्ट्या बंद करायला लावल्या आणि एकच आवाज ठेवला. तो जोडेताईंच्या हातोडीचा होता, त्याने तिथेच टिपून घेतलेला. काम पुरं झालं की मी तो वाजवतो. ठक ठक.

"आता हा आपल्यातला झाला," धाकटा म्हणाला. "नाव काय ठेवायचं?"

"पेटी आहे ना," जोडेताई म्हणाल्या. "मग पेटीराव."

माझं काम असं आहे. दुकानात एक जाड काच आहे, तिच्याखाली दिवा. त्या काचेवर माणूस अनवाणी उभा राहिला की त्याच्या पावलाचा आकार माझ्यात उतरतो. जोडेताई तो पडद्यावर फिरवून बघतात, जिथे उंची द्यायची तिथे देतात, जिथे पोकळी ठेवायची तिथे ठेवतात. मग मी मागच्या खोलीतल्या यंत्राला सांगतो आणि ते लाकडाच्या ठोकळ्यातून फरमा कोरतं. फरमा म्हणजे लाकडाचं पाऊल. त्यावर चामडं ताणून जोडा शिवायचा. पूर्वी जोडेताई फरमा हाताने तासायच्या. पुढे त्यांच्या अंगठ्याचा सांधा आखडला आणि ते काम यंत्राकडे गेलं, म्हणजे माझ्याकडे आलं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. शेजारपाजारचे लोक पाय दुखत नसतानाही काचेवर उभे राहून जायचे. माझ्यावर भरतकाम केलेलं झाकण होतं. मग सवय झाली. झाकण धुवायला गेलं ते परत आलं नाही. माझ्या डोक्यावर चहाचा कप, मोज्यांचा गठ्ठा, कधी अर्धा शिवलेला बूट असं काय काय राहू लागलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. घरातल्या माणसाच्या अंगावरही लोक शाल टाकतातच.

पुढे दोन गोष्टी घडल्या. ज्या कंपनीने 'पाऊल' प्रोग्राम बनवला होता ती बंद पडली. त्या प्रोग्रामला दरवर्षी नवा परवाना लागायचा आणि आता तो द्यायला कुणीच उरलं नाही. त्याच सुमारास माझ्या आतला बटणाएवढा सेल संपला. वीज बंद असताना तारीख सांभाळायचं काम तो सेल करतो. तो गेल्यावर रोज सकाळी मी सगळं विसरून माझ्या जन्मवर्षाच्या पहिल्या तारखेला उठू लागलो. उठताना विचारायचो, तारीख हरवली आहे, पुढे जाऊ का? जोडेताई डाव्या हाताने एक बटण दाबायच्या आणि मी पुढे जायचो.

आता गंमत बघा. माझ्या तारखेप्रमाणे परवाना अजून शाबूत होता. संपलेल्या सेलमुळे 'पाऊल' चालू राहिलं. धाकट्याच्या हे लक्षात आलं. जहाजावरच्या नोकरीला निघताना तो बहिणीला म्हणाला, "ताई, याचं घड्याळ मागेच राहू दे. तारीख पुढे गेली की प्रोग्राम उघडायचा नाही. हात लावू नका याला कुणी."

जोडेताई तेव्हा टाच ठोकत होत्या. "बरं," म्हणाल्या. पुढे वर्षं गेली. हात लावायचा नाही हे घरात पक्कं राहिलं. का लावायचा नाही, ते हळूहळू झिजून गेलं.

आता घड्याळकाकांबद्दल सांगायला हवं, कारण घोळ त्यांनी घातला. घड्याळकाका म्हणजे जोडेताईंचे यजमान. दुकान एकच, टेबलं दोन. डावीकडे चामडं, उजवीकडे घड्याळं. काका डोळ्याला भिंग लावून बसतात आणि त्यांच्या खणांत सगळ्या आकारांचे सेल ओळीने मांडलेले असतात. भिंतीवर गिऱ्हाइकांची घड्याळं टांगलेली असतात आणि ती सगळी एकाच दमात ठोके देतात. एखादं जरा मागे पडलं तर काकांचा घास अडतो. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर मी बसलेला, कित्येक वर्षांनी मागे.

"अगं, या तुझ्या पेटीरावाला बघवत नाही मला," ते म्हणायचे.

"मग बघू नका. तुमचं तोंड तिकडे, त्याचं इकडे."

"लोक काय म्हणतील? घड्याळजीच्या दुकानात..."

"अहो, लोक पाय घेऊन येतात माझ्याकडे. वेळ विचारायला येत नाहीत."

माझ्या चुकीच्या तारखेचा आनंद होणारं एकच माणूस होतं. ती एक मुलगी. तिची आई बसमध्ये तिकिटं देते. मुलीचा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड, म्हणून ती लहानपणापासून जोडेताईंचेच बूट घालते. पाय वाढला की नवं माप, नवा जोड. तिची सगळी पावलं माझ्यात आहेत, मुठीएवढ्या पावलापासूनची. एकदा काचेवर उभी असताना तिने माझा कोपरा वाचला.

"मावशी, या तारखेला तर मी जन्मलेच नव्हते."

"मग काचेवर कोण उभं आहे?" जोडेताईंनी विचारलं.

"नुसते पाय."

तेव्हापासून तो रिवाजच झाला. आली की आधी विचारायची, "बघू, जन्मले का मी?" आणि जोडेताई माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "नाही अजून." घड्याळकाका तेवढे हसायचे नाहीत.

त्या सुट्टीत मुलगी आली ती जरा गप्पच होती. बूट तिला आखूड झाला होता आणि जाड तळवा झिजला होता. चालताना एक पाय टक वाजायचा, दुसरा टुक. जुन्या शाळेत मुलांनी तिचं नाव टकटुक पाडलं होतं.

"मावशी, मी आता मोठ्या शाळेत जाणार," ती म्हणाली. "तिथे मला कुणी ओळखत नाही. पहिल्या दिवशी माझा आवाज यायला नको. एकदा नाव पडलं की पडलं, मग ते निघत नाही."

आई म्हणाली, "अगं, बूट वेळेत झाला तर ना. मावशींना किती कामं असतात."

"होईल," जोडेताई म्हणाल्या. "शाळा उघडायच्या आत तुझ्या पायात असेल. मंगळवारी ये मापाला."

हा शब्द त्यांनी दिला आणि रविवारी त्या चामडं आणायला गेल्या. दुकानात काका एकटेच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग ते उठले आणि माझं खुळखुळणारं झाकण काढलं.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घड्याळ साफ करायच्या मऊ कुंचल्याने त्यांनी माझ्या पंख्याची धूळ काढली. इतक्या हळुवार हातांनी मला आतून कुणी कधी पुसलं नव्हतं. मग त्यांना तो सेल दिसला. त्यांनी तो काढला, जीव आहे का ते पाहिलं, मान हलवली आणि संपलेल्या सेलांच्या डब्यात टाकला. खणातून नवा काढून बसवला. मला सुरू केलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तारीख लावली, वेळ लावली, सेकंदकाटासुद्धा मिळवला. एका क्षणात माझ्यावर सगळी न आलेली वर्षं येऊन बसली. काका मात्र वरात बघावी तसे माझ्याकडे बघत होते. बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. म्हटलं असेल, तिचं तिलाच दिसू दे.

सोमवारी मी काही न विचारता उठलो.

"आज शहाण्यासारखा उठलास रे पेटीराव," जोडेताई म्हणाल्या.

काका भिंगाआडून हसले आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. पण जोडेताईंनी कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. ज्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं खोटंच लिहिलेलं, तिकडे कोण बघतं? त्यांनी 'पाऊल' उघडलं. एक करडी चौकट आली. तिच्यात एक आकडा आणि खाली 'ओके'. ओके म्हणजे ठीक. ठीक तर काहीच नव्हतं. त्यांनी ते दाबलं, चौकट गेली, 'पाऊल'ही गेलं. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. मला बंद केलं, चालू केलं. जहाजावरच्या भावाला फोन लावला, तो लागला नाही. किनारा दिसला की त्याचा फोन लागतो.

संध्याकाळी मेकॅनिक आला. तरुण, शांत आणि प्रामाणिक. माऊस हातात घेतला आणि थबकला.

"हा उलटा का चालतो?"

"मी डावखुरी आहे."

"आणि उकिरडा?"

"कचरा कुठे टाकता तुम्ही?"

तो हसला आणि कामाला लागला. त्याने मला कमीत कमी सामानावर सुरू करून पाहिलं, विषाणू शोधले, काचेची आणि यंत्राची वायर काढून लावली. मग विचारलं, "यात काही बदललं होतं का कुणी?"

"छे," जोडेताई म्हणाल्या. "याला आमच्याकडे कुणी हात लावत नाही."

"बदललं काही नाही," काका म्हणाले. "मी काल जरा धूळ झाडली फक्त."

"मग वायर हलली असेल," असं म्हणून मेकॅनिक आतली एकेक वायर तपासत बसला. मी सगळं जाणत होतो, पण मला बोलायला दिलेला आवाज एकच, आणि तो काम पुरं झाल्यावरच वाजवायचा. 

शेवटी तो म्हणाला, "ताई, जुनी कार्यप्रणाली आहे, आत काय बिनसलंय कळत नाही. सगळं पुसून नव्याने भरावी लागेल. प्रोग्रामची चकती आहे ना तुमच्याकडे? मग तो परत टाकू."

"आणि यातली पावलं?"

त्याने मान खाली घातली. "ती त्या प्रोग्रामच्या कुलपात आहेत. उचलून बाजूला ठेवता येतील, पण नव्याने टाकला की कुलूप नवं. जुनी उघडतील असं मी तरी सांगणार नाही."

जोडेताई माझ्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. माझ्यात किती पावलं होती. काही मुलं मोठी होऊन दूर गेली होती, काही म्हातारी माणसं आता नव्हती. आणि त्या मुलीची सगळी. मागची मापं समोर असली की तिचा बूट पहिल्या फटक्यात बसायचा. ती नसली तर पहिला फरमा नक्की चुकणार, मग दुसरा, मग तिसरा. शाळा तोवर उघडून जुनी झाली असती.

"उद्या या," त्या म्हणाल्या. "पुसा."

त्या रात्री काका दोनदा म्हणाले, "मी कोरू का फरमा? माझा हात बारीक कामाला बसलेला आहे." जोडेताई म्हणाल्या, "अहो, घड्याळाचं चाक आणि माणसाची टाच यात फरक असतो." पण म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा कडक नव्हता.

मंगळवारी मेकॅनिक चकती घेऊन आला. त्याने ती माझ्यात घातली. तेवढ्यात दारात टक वाजलं, मग टुक. मुलगी आणि तिची आई मापाला आल्या होत्या. जोडेताईंनी आईला बाजूला घेऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. आई नुसतं "बरं, बरं" करत होती. मुलगी सवयीने काचेवर जाऊन उभी राहिली. काचेखालचा दिवा बंद होता. ती माझ्याकडे बघू लागली.

"मी जन्मले," ती म्हणाली.

कुणाचं लक्ष नव्हतं. "गप उभी राहा गं," आई म्हणाली.

"आई, बघ ना. आज आजचीच तारीख आहे. पेटीत मी जन्मले," आणि मग हळूच, "जन्मले आणि बूट बंद."

उजवीकडच्या टेबलावर भिंग पडल्याचा आवाज झाला.

"थांबा," काका म्हणाले. "पुसू नका."

मेकॅनिकने हात उचलला. "काय झालं काका?"

"ते घड्याळ मी लावलं."

"कुठलं?"

"याचं. सेल घातला आणि वेळ मिळवली."

जोडेताई सावकाश वळल्या. "कधी?"

"तू चामडं आणायला गेलीस तेव्हा."

"आणि काल याने विचारलं तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

"अगं, सेल घालणं हे काय काम आहे? येईल त्या घड्याळात घालतो मी. तहानलेल्याला पाणी दिलं असं कुणी सांगत बसतं का?"

जोडेताई बोलायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. मग स्टुलावर बसल्या. "सांगितलं होतं त्याने," त्या म्हणाल्या. "जाताना सांगितलं होतं. कंपनी बंद पडली, तारीख मागेच राहू दे म्हणाला. मी टाच ठोकत होते. हात लावायचा नाही तेवढं राहिलं बघा डोक्यात. का, ते कुठे गेलं कोण जाणे."

मेकॅनिकने चकती काढून घेतली. "मग काका, घ्या तारीख मागे."

"मी?"

"पुढे कुणी नेली?"

काका माझ्यासमोर बसले. त्यांनी जन्मात कधी कुठलं घड्याळ मुद्दाम चुकवलं नव्हतं. माऊस उलटा असल्याने आधी दोनदा भलतंच उघडलं. मग वर्ष सापडलं आणि ते एकेक वर्ष मागे नेऊ लागले. प्रत्येक वेळी असा चेहरा, जणू जेवत्या माणसाला पानावरून उठवत आहेत. माझ्या अंगावरून वर्षं उतरत गेली, ओल्या चामड्यावरून पाणी उतरावं तशी.

"अजून मागे," मुलगी म्हणाली. "माझ्या आधी."

"हो बाईसाहेब," काका म्हणाले.

जोडेताईंनी डाव्या हाताने 'पाऊल' दाबलं. चौकट आली नाही. पडद्यावर पावलं आली, एकामागून एक, थोरली, धाकटी, वाकडी, आखूड. सगळी जागच्या जागी होती.

माझा पडदा पुसायच्या निमित्ताने जोडेताईंनी पदराने डोळेही पुसून घेतले. काचेखालचा दिवा लागला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, आज मी तुम्हाला अख्ख्या पेटीची एक नक्कल काढून देतो. कुलूप, किल्ली, उकिरडा, सगळ्यासकट. हे आधीच व्हायला हवं होतं."

काका संपलेल्या सेलांच्या डब्यात बोट घालून काहीतरी शोधत होते.

"काय शोधताय?" जोडेताईंनी विचारलं.

"याचा सेल."

"अहो, संपलेला कुठलाही चालेल की. नसला तरी चालेल."

"याला याचाच," काका म्हणाले, आणि तो सापडेपर्यंत उठले नाहीत.

मागच्या खोलीत यंत्र लाकूड कोरत राहिलं. ते थांबलं तेव्हा मी माझा एकुलता एक आवाज वाजवला. ठक ठक. बाहेरून उत्तर आलं, ठक ठक. जोडेताई टाचेला बसल्या होत्या आणि ओळ गुणगुणत होत्या.

आता गिऱ्हाईक हसून म्हणालं की काका, या संगणकाची वेळ चुकली आहे, तर काका भिंग न काढता सांगतात, "ती तशीच हवी आहे. त्याला कामं आहेत."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल. एखादं यंत्र, एखादं कपाट, एखादं म्हातारं माणूस, ज्याचं काहीतरी वेगळं आहे, उलटं आहे, मागे राहिलं आहे. त्याची धूळ जरूर पुसा, आम्हाला ते आवडतं. पण त्याचं वाकडं सरळ करायच्या आधी घरात एकदा विचारा की हे असं कुणासाठी आहे. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर नुसतं "हात लावू नका" म्हणू नका. का, तेही सांगा, समोरच्याच्या हातातली हातोडी थांबल्यावर सांगा. आमच्या पोटात जे साठलेलं असतं त्याची एक नक्कल वेळीच काढून ठेवा. आम्ही सगळं सांभाळतो, पण आम्हाला बोलता येत नाही.

शाळा उघडली त्या दिवशी मुलगी शाळेतून परस्पर दुकानात आली. ती आल्याचं कुणाला कळलंच नाही, एकदम समोर उभी दिसली.

"चालून दाखवा बाईसाहेब," काका म्हणाले.

ती दारापासून माझ्यापर्यंत चालत आली. काकांनी डोळे मिटले होते आणि मान तिरकी केली होती, घड्याळ कानाशी धरल्यावर करतात तशी. कान दिला तरच ऐकू येईल असं, टक, टक, टक, टक.

"ठोके सारखे पडतायत," ते म्हणाले.

मुलीने माझ्या कोपऱ्याकडे पाहिलं. "आणि इथे? जन्मले का मी?"

"नाही अजून," काका म्हणाले, आणि या वेळी तेच आधी हसले.